मारिओ लोदी : एका ग्रामीण शिक्षकाने चालविलेला संवाद

शिक्षणात काय बदलावे, यावर शिक्षकांच्या सभांतून पुष्कळ बोलणे होते. परंतु सभा संपल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात काय निराळे करावयाचे, हे बहुधा कोणाच्याच हाती लागत नाही. बोलणाऱ्यांना कळकळ नसते म्हणून असे घडते, असे नाही. बोलणे मतांपासून सुरू होते आणि मतांपाशीच संपते, हे त्याचे खरे कारण होय. इटलीतील मारिओ लोदी या प्राथमिक शिक्षकाने सेवेत असताना, आणि १९७८ मध्ये निवृत्त झाल्यावर आणखी पस्तीस वर्षे, आपल्या व्यवसायबंधूंशी जो संवाद चालू ठेवला, त्याची रीत याहून वेगळी होती. त्या संवादात मुलाने लिहिलेला कागद, काढलेले चित्र किंवा विचारलेला प्रश्न मध्यभागी असे आणि मोठ्या माणसांची मते त्याच्या भोवती येत. खेड्यातील शाळेत काम करणाऱ्या शिक्षकाने ही रीत समजून घेण्याजोगी आहे. कारण ती कोणा विद्यापीठात जन्मलेली नसून शेतमजुरांच्या मुलांच्या शाळेत जन्मली आहे.

लोदी यांचा जन्म १९२२ साली उत्तर इटलीतील क्रेमोना जिल्ह्यात, पियादेना गावाच्या व्हो नावाच्या वाडीत झाला. पो नदीच्या सपाट, सुपीक खोऱ्यातला हा मुलूख. जमीन उत्तम, परंतु ती कसणाऱ्यांपैकी पुष्कळजण दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. त्याच वर्षी इटलीत फॅसिस्ट पक्षाच्या हाती सत्ता आली. म्हणजे लोदी यांचे सर्व शालेय शिक्षण, आणि १९४० साली मिळालेली शिक्षकाची पदविकाही, त्या राजवटीच्या छायेतच पार पडली. प्राथमिक शाळांना सरकारने एकच पाठ्यपुस्तक लावून दिलेले होते आणि आज्ञापालन हा शिक्षणाचा पहिला गुण मानला जात होता. महायुद्ध संपले, देश प्रजासत्ताक झाला, १ जानेवारी १९४८ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. त्याच वर्षी लोदी जवळच्या सान जोव्हान्नी इन क्रोचे या गावी शिक्षक म्हणून रुजू झाले.

घटनेने प्रत्येक नागरिकाला समान प्रतिष्ठा आणि विचार मांडण्याचे स्वातंत्र्य दिले होते. वर्गात मात्र पूर्वीचीच शांतता होती. मुले विचारल्याखेरीज बोलत नसत, आणि बोलत ते गुरुजींना हवे असेल तेवढेच. शाळेबाहेर, अंगणात, रस्त्यावर हीच मुले किती बोलकी आणि किती कल्पक आहेत, हे लोदींच्या ध्यानी आले, तेव्हा त्यांना एक गोष्ट स्पष्ट झाली. राजवट गेली तरी तिने घडविलेली शाळा तशीच उभी होती, आणि ती चालविणाऱ्यांत आपणही होतो. असा शोध लागलेला शिक्षक सहसा एकटा असतो. मुख्याध्यापकांना सांगावे तर शिस्तीचा प्रश्न निघतो. सहकाऱ्यांना सांगावे तर ते हसतात.

लोदी यांचा एकटेपणा दूर झाला तो दूरच्या शिक्षकांमुळे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या ग्रामीण शिक्षकाने १९२४ च्या सुमारास बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत एक लहान छापयंत्र आणून मुलांनीच लिहिलेला मजकूर मुलांकडूनच छापून घेण्यास आरंभ केला होता. मुले आपल्या अनुभवावर लिहीत, त्यातला एक मजकूर वर्ग निवडी, सर्वजण मिळून तो सुधारीत, छापीत, आणि दूरच्या शाळेतील मुलांना पाठवीत. उलट टपाली त्यांचा मजकूर येई. जुझेप्पे तामान्यीनी आणि त्यांचे काही सहकारी यांनी १९५१ साली इटलीत फानो येथे याच विचाराची शिक्षकांची सहकारी संस्था काढली. तिचे पहिले नाव 'शाळेतील छापखान्याची सहकारी संस्था' अशा अर्थाचे होते. पुढे तीच 'शैक्षणिक सहकार चळवळ' या नावाने प्रसिद्ध झाली. लोदी तिच्यात लवकरच सामील झाले. या नावातील 'सहकार' शब्द शोभेसाठी घातलेला नव्हता. शिक्षक एकमेकांना साधने पुरवीत, आपल्या वर्गात काय घडले ते लिहून पाठवीत आणि भेटले म्हणजे एकमेकांच्या मुलांचे लेखन समोर ठेवून बोलत. आपल्याकडील दूध सोसायटी किंवा साखर कारखाना ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या कल्पनेचे मर्म चटकन कळेल. फरक एवढाच की, येथे प्रत्येक सभासद आपल्या वर्गातील अनुभव घालीत असे.

१९५६ पासून लोदी आपल्या जन्मगावी, व्होच्या शाळेत शिकवू लागले. तेथील वर्गाच्या खिडकीतून समोरची छपरे दिसत आणि त्यांवर चिमण्यांचा वावर असे. मुलांचे लक्ष तिकडे जाई. लक्ष पुस्तकात आणण्यासाठी खिडकी लावून घेणे हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय होता. लोदींनी मुलांना पाहू दिले, पाहिलेले सांगू दिले, सांगितलेले लिहू दिले. त्यातून एका चिमण्याची गोष्ट तयार झाली. 'चिपी' या नावाने ती १९६१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि इटलीतील मुले ती आजही वाचतात. पुस्तकावर लोदी यांच्या बरोबरीने त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाचा उल्लेख असतो, हे विशेष. वर्गात काय काय घडत गेले, त्याची नोंद मात्र लोदी स्वतः ठेवीत. त्या नोंदींतून १९६३ मध्ये त्यांचे पहिले मोठे शिक्षणविषयक पुस्तक निघाले. आणि १९६४ ते १९६९ अशी पाच वर्षे एकाच वर्गाबरोबर पहिलीपासून पाचवीपर्यंत केलेल्या कामाची दैनंदिनी १९७० साली, 'चुकलेले गाव' अशा अर्थाच्या नावाने, प्रसिद्ध झाली. तिला पुढील वर्षी व्हिआरेज्जो पारितोषिक मिळाले. या दैनंदिनीच्या आरंभी एका तरुण शिक्षिकेला लिहिलेले पत्र आहे. जुना शिक्षक नव्या शिक्षिकेला उपदेश करतो, तसा त्याचा सूर नाही. आपण कोठून निघालो आणि कोठे अडलो, ते तो सांगतो.

याच काळातील एक प्रसंग सामुदायिक लेखनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस डोंगरात बार्बियाना नावाची चार घरांची वस्ती आहे. तेथे १९५४ पासून दॉन लोरेंझो मिलानी हे पाद्री, शाळेने नापास करून काढून टाकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवीत होते. १९६३ च्या उन्हाळ्यात लोदी त्यांना भेटण्यास गेले. दोघांच्या स्वभावात आणि मतांतही अंतर होते. मिलानी कडक, मुलांना सुटी न देणारे. लोदी खेळ आणि चित्र यांना शिक्षणाचा पाया मानणारे. मतांवरच बोलणे झाले असते तर ते वादात संपले असते. परंतु लोदींनी आपल्या वर्गाचे काम सांगितले. मुले मिळून मजकूर कसा लिहितात आणि दुसऱ्या शाळेशी पत्रव्यवहार कसा करतात, ते समजावून दिले. मिलानींनी ती पद्धत उचलली. त्याच वर्षी बार्बियानाच्या मुलांनी पियादेनाच्या मुलांना आपल्या शाळेचे वर्णन करणारे लांब पत्र लिहिले. त्या पत्रावर मुलांनी कित्येक दिवस घालविले. पुढे याच पद्धतीने तेथील आठ विद्यार्थ्यांनी नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक संपूर्ण पुस्तक लिहिले. ते मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात मिलानी निधन पावले. कोणत्या धंद्यातील बापाची मुले किती नापास होतात, याचे आकडे मुलांनी स्वतः जमवून त्या पुस्तकात मांडले आहेत. जगातील अनेक भाषांत ते गेले आहे. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने वाचावयास मिळते.

सामुदायिक लेखनाची ती पद्धत येथे थोडी विस्ताराने सांगणे इष्ट आहे, कारण तिला कागदाच्या चिठ्ठ्यांखेरीज काहीच साधन लागत नाही. प्रथम प्रत्येक मुलाने विषयासंबंधी सुचेल ते लहान लहान चिठ्ठ्यांवर लिहावयाचे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. मग सर्व चिठ्ठ्या जमिनीवर किंवा मोठ्या मेजावर मांडावयाच्या. तीच गोष्ट दोघातिघांनी लिहिली असेल तर त्या चिठ्ठ्या एकत्र करावयाच्या आणि त्यांतील जी सर्वांत नेमकी असेल ती वर ठेवावयाची. उरलेल्यांचे गट पाडावयाचे. प्रत्येक गट म्हणजे एक परिच्छेद. गटांचा क्रम ठरला की एकेक वाक्य फळ्यावर घेऊन सर्वांनी त्यावर विचार करावयाचा : हे खरे आहे काय, हे आधी येऊन गेले आहे काय, यातला कोणता शब्द काढला तरी अर्थ राहतो, वाचणाऱ्या मुलाला हे कळेल काय.

समजा, दुष्काळी तालुक्यातील एका शाळेची मुले कोकणातील शाळेला पत्र लिहीत आहेत. एका चिठ्ठीवर 'आमच्या गावात पाण्याची भीषण टंचाई आहे' असे येते. वाक्य शुद्ध आहे. वर्तमानपत्रात शोभेल असे आहे. दुसऱ्या चिठ्ठीवर एखाद्या मुलीने लिहिलेले असते : 'टँकर आला की आई मला शाळेतून बोलावते. मी दोन कळश्या भरते. मग गणिताचा तास झालेला असतो.' या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या म्हणजे कोकणातील मुलांना कोणती कळेल, हे सांगण्यास गुरुजींची गरज राहत नाही. वर्ग आपण होऊन ते सांगतो. 'भीषण टंचाई' गळून पडते. आणि ती मुलगी गणितात मागे का, हेही त्या दिवशी प्रथमच गुरुजींना समजते. मुलांचे लेखन शिक्षकांच्या संवादाचा आरंभ कसे होऊ शकते, ते येथे दिसून येते. भाषेच्या तासाला हाती आलेली ही चिठ्ठी, गणिताचा तास कोणत्या वेळी ठेवावा या प्रश्नापर्यंत शिक्षकांना नेऊन पोहोचविते. त्या मुलीविषयी 'पालक उदासीन आहेत' असे मत देऊन सभा संपविणे मग तितके सोपे राहत नाही. अर्थात असे घरचे लेखन शिक्षकांच्या बैठकीत नेताना मुलाचे नाव झाकावे आणि त्याची संमती घ्यावी, हे सांगावयास नकोच.

आता निवृत्तीनंतरच्या काळाकडे वळावयाचे. १९७८ मध्ये लोदी यांनी वर्ग सोडला, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. निवृत्त शिक्षकापुढे त्या वेळी दोन सोपे मार्ग असतात. एक म्हणजे गप्प बसणे. दुसरा, सभेत अध्यक्षस्थानी बसून 'पूर्वीची शाळा' या विषयावर बोलणे. दुसरा मार्ग पहिल्याहून अधिक घातक म्हटला पाहिजे. कारण स्मरणशक्ती जुन्या वर्गातील कोलाहल पुसून टाकते आणि नव्या शिक्षकास वाटते की, पूर्वीची मुले आणि पूर्वीचे गुरुजी निराळ्याच मातीचे होते. लोदी यांना या मोहापासून त्यांच्या दैनंदिनीने वाचविले असावे. ज्याने वर्गातले अपयशही त्या त्या दिवशी लिहून ठेवले आहे, त्याला भूतकाळ फारसा सजविता येत नाही.

१९८० च्या दशकात त्यांनी मुलांचे एक वृत्तपत्र चालविले. मुलांसाठी मोठ्यांनी काढलेली पत्रे पुष्कळ होती. याचा मजकूर मात्र मुलांनीच लिहिलेला असे. गावोगावच्या शिक्षकांनी आपल्या वर्गातील लेखन पाठवावे, ते छापले जावे, दुसऱ्या गावच्या वर्गात ते वाचले जावे आणि त्यावर तेथील मुलांनी व शिक्षकांनी बोलावे, असा तो क्रम होता. जो व्यवहार पूर्वी दोन शाळांत चालत असे, तो आता देशभर पसरला. पुढे १९८९ साली त्यांना मुलांच्या जीवनासाठी केलेल्या कार्याबद्दल लेगो पारितोषिक मिळाले आणि बोलोन्या विद्यापीठाने शिक्षणशास्त्रातील सन्मान्य पदवीही दिली. पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी पियादेनाजवळील द्रिझ्झोना येथे अंगणाभोवती बांधलेल्या एका जुन्या शेतवाड्यात 'कला आणि खेळ यांचे घर' उभे केले. तेथे मुलांच्या चित्रांची व वस्तूंची प्रदर्शने भरत, मुलांसाठी कार्यशाळा होत, आणि शिक्षकांसाठी वर्ग चालत. शिक्षकांनी तेथे रंग, माती, कागद स्वतः हातात घ्यावे, अशी अपेक्षा असे. ज्याने पुष्कळ वर्षांत स्वतः चित्र काढलेले नाही, त्याने मुलाच्या चित्रावर शेरा देण्यापूर्वी थोडे थांबावे, हा विचार त्यामागे दिसतो. २००८ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे इटलीच्या राज्यघटनेवरील पुस्तक आले. घटनेतील कलमे मुलांना समजतील अशा भाषेत त्यात सांगितली आहेत. २ मार्च २०१४ रोजी द्रिझ्झोना येथेच त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०२२ मध्ये इटलीत ठिकठिकाणी त्यांच्या कामाची पुन्हा चर्चा झाली.

अशा संवादातून व्यवस्था बदलते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर पूर्ण होकारार्थी देता येत नाही. लोदी आणि त्यांचे सहकारी वर्गातील गुणांच्या चढाओढीला प्रथमपासून विरोध करीत होते. १९७७ च्या कायद्याने इटलीतील प्राथमिक शाळांतून अंकांनी गुण देणे बंद झाले, मुलांच्या प्रगतीचे वर्णन लिहिण्याची पद्धत आली आणि अपंग मुलांना सर्वसाधारण वर्गातच साहाय्यक शिक्षक देऊन शिकविण्याची तरतूद झाली. परंतु २००८ मध्ये अंक परत आले आणि २०२० मध्ये पुन्हा गेले. कायद्याने मिळालेली गोष्ट कायद्याने परतही घेतली जाते. मधल्या बारा वर्षांत वर्णनात्मक नोंद कशी लिहावयाची हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी ते तरुणांना सांगितले नसते, तर २०२० नंतर ती नोंद म्हणजे अंकांच्या जागी घातलेले पाचसहा ठराविक शब्द एवढेच उरले असते. आपल्या शाळांतील वर्णनात्मक नोंदींची वही ज्यांनी वर्षअखेरीस एका बैठकीत भरलेली पाहिली आहे, त्यांना हा धोका समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

लोदी यांचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही, हेही खरे. त्यांच्याकडे एक वर्ग पाच वर्षे सलग असे. येथील द्विशिक्षकी शाळेत एकाच गुरुजींपुढे दोन किंवा तीन इयत्ता बसलेल्या असतात. त्यातच माहितीचे तक्ते, पोषण आहाराचा हिशेब आणि निवडणुकीचे काम. त्यांना रोज वृत्तपत्र काढण्यास सांगणे अन्यायाचे होईल. मात्र केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास एका मुलाच्या लेखनासाठी राखून ठेवणे अशक्य नाही, आणि तो अर्धा तास सांभाळण्याचे काम गावातील एखाद्या निवृत्त गुरुजींकडे किंवा बाईंकडे देता येईल. त्यांना तपासणीचे भय नसते आणि बढतीची आशाही नसते. त्यामुळे त्यांच्यापुढे तरुण शिक्षक आपली अडचण मोकळेपणाने सांगू शकतो. साहेबांपुढे ती अडचण 'समस्या नाही' अशी नोंदली जाते.

या कामात निवृत्त शिक्षकाने काही पथ्ये पाळावीत. पहिल्या दहा मिनिटांत त्याने कागदाविषयी स्वतःचे मत सांगू नये. कागद मोठ्याने वाचावा, पुन्हा वाचावा आणि प्रत्येक शिक्षकास एक चिठ्ठी लिहावयास द्यावी. चिठ्ठीवर मुलाविषयी निष्कर्ष न लिहिता, कागदात प्रत्यक्ष काय दिसते तेवढेच लिहावे. 'हुशार आहे', 'लक्ष नाही', 'घरचे वातावरण' असे शब्द आले तर चिठ्ठी परत द्यावी. रागाने नव्हे, थट्टेने दिली तरी चालेल. 'मुलाने सात वाक्ये लिहिली, त्यांतील पाच बैलाविषयी आहेत', 'पूर्णविराम नाही, पण प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू केले आहे' अशी चिठ्ठी आली म्हणजे काम सुरू झाले असे समजावे. या मुलाला विरामचिन्ह ठाऊक नाही, पण वाक्य कोठे संपते ते ठाऊक आहे, हे तेथे कोणाच्या तरी ध्यानात येते, आणि उद्या त्याला काय शिकवावयाचे हे त्यावरून ठरते. चिठ्ठ्या मांडाव्यात, गट करावेत, आणि ज्या शिक्षकाने कागद आणला त्याने शेवटी, एका वाक्यात, पुढील महिन्यात आपण काय करून पाहणार ते सांगावे. इतरांनी त्यावर सूचनांचा भडिमार करू नये.

तो कागद आणि त्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून पाकिटावर तारीख लिहावी व ते निवृत्त गुरुजींनी स्वतःपाशी ठेवावे. पुढील परिषदेत त्याच मुलाने मध्यंतरी लिहिलेला दुसरा कागद मागवावा आणि जुन्याच्या शेजारी ठेवून दोन्ही वाचावेत.